आर्कमधली भुकटी

नांदेडला मी संशोधन करत होते तेव्हा लातूरला अब्बांचं वेल्डिंगचं दुकान होतं. माझं काम असं: पिंपाएवढ्या बंद पोलादी भांड्यातली हवा पंपानं काढायची, नायट्रोजन भरायचा आणि आत ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर विजेचा आर्क पेटवायचा. त्यातल्या झगझगत्या वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, उष्णतेत धातूची वाफ होते, नायट्रोजनशी तिचा संयोग होतो आणि ॲल्युमिनियम नायट्राइडची भुकटी भांड्याला आतून चिकटते. भांडं निवलं की तोंडाला फडकं बांधून ती ब्रशनं झाडून घ्यायची.

अब्बा एकदा बघायला आले. स्वतःची काळी काच डोळ्यांपुढे धरून त्यांनी आत पाहिलं आणि घरच्या दखनीत म्हणाले, "वेल्डिंगच करनी थी तो लातूर में क्या बुरा था?"

माझ्या मार्गदर्शक सरांना हसू आलं. मला आलं नाही.

बऱ्याच खटपटीनंतर बाटलीभर चांगली भुकटी जमली आणि त्याच सुमारास भूकंप झाला. नांदेडला नुसता पलंग हलला. आमच्या लातूरच्या घराला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. मी पोचले तोवर अब्बा मशीन जीपमध्ये टाकून किल्लारीकडे गेले होते. तिथे पडलेल्या दगडी घरांच्या जागी पत्र्याच्या शेडचे सांगाडे जोडायचे होते. अम्मी घरात झोपायला तयार नव्हती, म्हणून मी तिच्याजवळ राहिले. अब्बा मधूनच यायचे, जेवून पडायचे. तिकडे काय पाहिलं ते सांगत नसत. एकदाच म्हणाले, "अब गिरे भी तो हल्का गिरेगा."

नांदेडला परतल्यावर बाटली उघडली तर मुतारीसारखा वास आला. झाकणातून दमट हवा आत गेली होती. ओल लागली की हे नायट्राइड अमोनिया सोडतं.

"पुन्हा करा," सर म्हणाले.

वाईट वाटलं, पण तिकडे गावंच्या गावं पडलेली असताना बाटलीसाठी रडणं मलाच बरं वाटेना. पुन्हा केलं. या खेपेची भुकटी आधीपेक्षा बारीक निघाली. सरांनी कारण सांगितलं. मला ते पूर्ण पटलं नाही.

पदवी मिळाली, पण नायट्राइडचं काम इकडे कुठेच नव्हतं. लातूरला क्लासेस वाढत होते, तिथे मी रसायनशास्त्र शिकवू लागले. अहमदपूर, उदगीर, पार किनवटकडून पोरं येत. शेडचं काम सरल्यावर अब्बांकडे होस्टेलच्या लोखंडी कॉटची मागणी सुरू झाली. एका दुपारी डबा घेऊन गेले तर ते कॉटच जोडत होते. मी म्हटलं, आमची पोरं झोपतात कुठे, सारखी वाचत बसलेली असतात.

"बैठने को भी लगता," ते म्हणाले आणि पुढचा पाय जोडायला घेतला.