यवतमाळला, एका गुणासाठी

सोलापूर सोडताना केतकीनं मला अट घातली, की गाडीत टेनिसबद्दल एक शब्दही काढायचा नाही. मी तिला त्याआधीच एक अट घातलेली होती आणि ती जास्त कडक होती. केतकी माझी मुलगी, वय तेवीस. महिला एकेरीच्या अगदी खालच्या पायरीवरच्या व्यावसायिक स्पर्धा ती सहा वर्षं खेळत होती. या स्पर्धांत मुख्य फेरीतला एक सामना जिंकला, की जागतिक क्रमवारीत एक गुण मिळतो. तो एक गुण तिला सहा वर्षांत मिळाला नव्हता. यवतमाळला मिळाला तर ठीक, नाही तर खेळ बंद आणि नोकरी, असं मी बजावलं होतं. मी शाळेत शिकवते. परीक्षेची तारीख पुढे ढकललेली मला खपत नाही.

नांदेडला गाडी बदलली आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडला चहा घेतला. कंडक्टरनं रॅकेटच्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं आणि भजनी मंडळाचं सामान आहे का, असं अदबीनं विचारलं. केतकी हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. पुढे आर्णीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी शेतं आणि पांढरी बोंडं. वेचणीचे दिवस होते, पण भाव पडलेले. खरेदी केंद्राबाहेर कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि माणसं जुवाला टेकून निवांत बिड्या ओढत होती.

यवतमाळात खेळाडूंना पुरतील एवढी लॉज नव्हती, म्हणून संयोजकांनी मुलींना गावातल्या घरांत उतरवलं होतं. आम्ही शीलाताईंकडे. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा एसटी डेपोत, आणि मुलगी प्रज्ञा एकोणीस वर्षांची, तीही टेनिस खेळणारी. यजमान गावाची म्हणून तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळाला होता. मुलींच्या खोलीत अर्ध्या भागात कापूस रचलेला होता. शीलाताईंच्या भावाचा, आर्णीकडच्या शेतातला. भाव येईपर्यंत तो कापूस इथं मुक्कामाला होता. पहिल्याच रात्री केतकीच्या अंगाला खाज सुटली. मी नाक मुरडलं, पण मग ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर चून (पिठलं) आणि वर मूठभर सांभार (कोथिंबीर) पानात आलं, तेव्हा माझी तक्रार आपोआप विरून गेली.

केतकीला आधी पात्रता फेरी खेळायची होती. रोज सकाळी दोघी लाल मातीच्या कोर्टवर सराव करत आणि मी बाकावर बसून शिकवत असे. माझा तो रोगच आहे. प्रज्ञा जोरात मारायची, पण डोकं वापरायची नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी तिला म्हटलं, अगं, समोरची मागे उभी आहे ना, मग जाळीपाशी हळूच टाक की बॉल. तिनं टाकला आणि केतकीला त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही. मी टाळी वाजवली. केतकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला.

केतकी पात्रता फेरीतून वर आली. पात्र ठरलेल्यांची नावं मुख्य फेरीत कुठे घालायची, ते चिठ्ठ्यांनी ठरतं. चिठ्ठी उघडली आणि समोर नाव आलं प्रज्ञाचं. संध्याकाळी जेवताना आम्ही चौघी बायका भाताकडे बघत बसलो होतो. प्रज्ञाचे वडील तेवढे मोठ्या आवाजात डेपोतल्या गमती सांगत राहिले. सकाळी शीलाताईंनी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि दोघींच्या हातावर दही-साखर ठेवली. मी विचारलं, सामन्याला येणार ना?

"कोनासाठी टाळ्या वाजवू, बाई? मी आपली ड्यूटीवर जातो," त्या म्हणाल्या आणि खरंच गेल्या.

पहिला सेट केतकीनं घेतला, दुसरा प्रज्ञानं. मधेच शेजारच्या, सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातून कापसाचे पुंजके उडत आले आणि पंचांनी खेळ थांबवून ते वेचायला लावले. तिसऱ्या सेटला पाच-पाच झाले. केतकी दमून मागे सरकली. प्रज्ञानं एकदा बाकाकडे पाहिलं आणि बॉल जाळीपाशी हळूच टाकला. पुढच्या खेळात पुन्हा दोनदा तेच. सात-पाच. गुण प्रज्ञाचा झाला. माझ्या मुलीला मीच हरवलं, असं मला वाटलं आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

संध्याकाळी ड्यूटीवरून आलेल्या शीलाताई दारातूनच सगळ्यांचे चेहरे बघून समजल्या आणि त्यांनी पहिलं ताट केतकीपुढे सरकवलं. "आधी पाव्हणीले वाढतो. माह्या पोरीचं पोट तं आज भरलंच हाय."

आमची तिकिटं सकाळी सातच्या गाडीची होती. प्रज्ञाचा पुढचा सामना दहाला. सामन्याआधी कुणीतरी सोबत घेऊन हात मोकळा करावा लागतो, आणि तिला सोबतीला कुणीच नव्हतं. हरलेल्या मुली निघून गेल्या होत्या, उरलेल्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या, आणि तिचे टेनिसचे सर स्पर्धेच्या धावपळीत. तिनं विचारलं नाही. केतकीच म्हणाली, आपण सातची गाडी सोडू. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. जिनं तुझा गुण नेला, तिच्यासाठी तिकिटं वाया घालवायची? केतकी पिशवीची चेन उघडत राहिली.

"ताई, तुमाले माहा राग नाई आला?" प्रज्ञानं विचारलं.

"आला ना. म्हणून तर उद्या जोरात मारणार आहे."

सकाळी त्या दोघी पाऊण तास खेळल्या. मी बाकावर तोंडाला कुलूप लावून बसले. केतकीला असं खेळताना मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. खांदे सैल, पाय हलके, चुकली तरी हसत होती. तिचा फोरहँड दोन्ही कोपऱ्यांत हवा तसा पडत होता. पंच आणि माळीसुद्धा कुंपणाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, ही एवढं चांगलं खेळते आणि मी हिला थांबवतेय.

दहाच्या सामन्यात प्रज्ञा एका मानांकित मुलीकडून तासाभरात हरली. केतकी शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती. मग दुपारच्या गाडीत शीलाताईंनी भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं आमच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरीले रागावू नोका, बाई." मी कायले रागावू, असं मीही त्यांच्याच बोलीत म्हणून गेले.

आर्णी गेलं, बैलगाड्यांची रांग गेली. मी मनात जुळवाजुळव करत होते. शेवटी न राहवून म्हटलं, केतकी, फेब्रुवारीत अजून एक स्पर्धा आहे म्हणे. जाऊन बघू या का? एकच.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. "आई, सकाळी मी मजेत खेळले, कारण माझं ठरलं होतं. मी शब्द पाळतेय. आता तू मोडू नकोस."

मी बरं म्हटलं. उमरखेडपर्यंत बाहेर बघत बसले आणि उमरखेडच्या स्टँडवर, भर गाडीत, मला रडू कोसळलं. केतकीनं माझं डोकं जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "चांगली खेळलीस, आई."