चुकीची राखण

ऑफिसात तिला तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे सुई. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बोथट माणसांना असलं नाव कोण ठेवतो?

एका आभासी नाण्याचं, म्हणजे क्रिप्टोचं, संगणकातलं कोड ती सांभाळत होती. त्या नाण्याच्या पोटात हॅश नावाचं एक जातं होतं. त्यात व्यवहाराचा मजकूर घालायचा, आकडे गरगर फिरायचे आणि पीठ होऊन बाहेर पडायचे. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी सगळं पीठ वेगळं. दूरदूरच्या संगणकांत हेच जातं, हेच पीठ. म्हणून नाण्यावर सगळ्यांचा भरवसा.

पण या जात्यात एक जुनी चूक होती. ज्याने ते घडवलं त्याने एका ठिकाणी आकडे डावीकडे फिरवायचे ते उजवीकडे फिरवले. हे ध्यानात येईतो सगळे व्यवहार त्या चुकीवर रचले गेले. आता चूक हाच कायदा. संगणक जी ओलांडून जातो पण माणसाने वाचावी, अशी कॉमेंट सुईने त्या ओळीशेजारी लिहून ठेवली होती: 'इथे उजवीकडेच फिरवायचं. चूक वाटेल. आहेच. तरी हात लावू नये, सगळं नाणं हिच्यावर उभं आहे.' एकेक शब्द तिने तोंडात घोळवून मग उतरवला होता.

पलीकडच्या टेबलावर तिचा धाकटा दीर बसायचा. त्याला नोकरीला तिनेच लावलं होतं, आणि तेच त्याला पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत होतं.

"वहिनी, चांगल्या कोडला कुबड्या लागत नाहीत," तो चारचौघांत म्हणायचा. "तुमच्या कॉमेंट म्हणजे नुसती बडबड."

"वाचायचा कंटाळा असला की बडबडच वाटते, भाऊजी."

सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आई त्याची, पण दवाखान्यात बसली ही. तेवढ्यात त्याने सगळ्या कॉमेंट पुसल्या आणि भर मीटिंगमध्ये स्वच्छ कोड दाखवलं. मालकाने टाळ्या वाजवल्या. मग त्या उघड्या पडलेल्या ओळीतलं वाकडेपण त्याच्या डोळ्यांत खुपलं. त्याने ती सरळ केली. कोड तपासणारी चाचणी बोंबलली, ठरलेल्या उत्तराशी जुळत नाही म्हणाली, तर पठ्ठ्याने चाचणीतलं ठरलेलं उत्तरच बदललं.

सुई कामावर परतली तेव्हा बाहेरचे संगणक यांच्या ऑफिसची एकूण एक नोंद झिडकारत होते.

"कोड तुमच्या ताब्यात होतं, बाई," मालक कडाडला. "संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर उद्यापासून ते तुमच्या दिराच्या ताब्यात. त्या वाकड्या ओळीला हात लावायचा नाही, हे तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तिथेच, त्या ओळीशेजारी. पुसलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

मालकाने खिडकीबाहेर पाहिलं. दीर नखं खात बसला.

तिने ओळ पुन्हा वाकडी केली, चाचणीतलं खरं उत्तर परत ठेवलं. दुपार कलेपर्यंत नोंदी स्वीकारल्या जाऊ लागल्या. कोड तिच्याकडेच राहिलं. मग तिने पुसलेली कॉमेंट पुन्हा लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: 'ही सूचना एका शहाण्याने पुसली होती.' पुढे दिराचं नाव.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. भावाने आधीच त्याच्याकडे रडगाणं गायलं होतं.

"अगं, नाव कशाला? घरातलाच आहे तो. आई काय म्हणेल?"

तिने फोन ठेवला. स्क्रीनवरची कॉमेंट पुन्हा वाचली. कॉमेंट लिहायची ती कोडची ओळ काय करते आणि का करते हे सांगायला. त्या नावाने यातलं काय सांगितलं जात होतं? काहीच नाही. तिने ते पुसलं.

रात्री जेवताना नवरा हळूच म्हणाला, "बरं केलंस. मोठं मन लागतं त्याला."

"मन कुठलं आलंय," ती दिराच्या ताटाकडे बघत म्हणाली. "कॉमेंटमध्ये फक्त कामाचं लिहितात."

दिराने वाढलेलं तसंच टाकलं आणि उठून गेला. तिने पाण्याचा पेला जवळ ओढला आणि सावकाश जेवली.