निळा चौकोन

आकाशातून पाहिलं की माणसाची दृष्टी विशाल होते म्हणतात. मी रोज आठ तास आकाशातून पाहतो. माझा फक्त चष्म्याचा नंबर वाढला आहे.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करणं हे माझं काम. शेताला एक रंग, गवताला दुसरा, पाण्याला निळा. छपरांचा मी जाणकार आहे. छपराखाली कोण असतं, हा आमच्या खात्याचा विषय नाही.

एका निर्जन, गवताळ पठारावर निळा चौकोन दिसला, तो मी शेततळं म्हणून नोंदवला. मग रिवाजाप्रमाणे खात्री करायला तिथे गेलो. तळं नव्हतंच. गळक्या छपरावर निळी ताडपत्री होती आणि खाली एक म्हातारी एकटीच राहत होती.

मी येण्याचं कारण सांगितलं.

"म्हंजे वरनं बघत हुतासा व्हय? मग खाली यायला एवढा उशीर? बसा, च्या टाकते."

दुसरा कप शोधायला तिला बराच वेळ लागला. माझ्या घरी दुसरा कप कुठे आहे, हे मलाही सांगता आलं नसतं.

निघताना तिनं विचारलं, "आता नकाशात माझं घर येतंय न्हवं?"

"येईल की, आजी."

ऑफिसात येऊन मी तळं खोडलं. आमच्या नियमानुसार पाणी कितीही थोडं असलं तरी दाखवतात. एकटं घर मात्र फार लहान म्हणून शेजारच्या रंगात मिसळून टाकतात.

तिच्या चारी बाजूंना गवत होतं.