माशी चावली म्हणून

डेल्मर स्टोक्स हा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या लहान गावांच्या संघांतून बेसबॉल खेळत म्हातारा झाला. दमलेल्या पिचरच्या जागी यायचं आणि एखाददुसरा बॅटर बाद करायचा, एवढंच त्याचं काम. या मोसमात हार्लन कोचनं त्याला बोलावलंच नव्हतं, आणि आजच्या सामन्यानंतर त्याचा करार संपणार होता. जाण्याआधी एकदा तरी चेंडू हातात यावा, असं त्याला फार वाटत होतं.

पिचर बदलायला हार्लन मैदानात आला. ज्या हाताचा पिचर हवा, तो दंड थोपटायचा, अशी खूण असते; त्याला उजव्या हाताचा हवा होता, म्हणजे उजवा दंड थोपटायचा. तेवढ्यात डाव्या दंडाला माशी चावली आणि त्यानं तिथंच चापट मारली.

"डावखुरा!" अंपायर ओरडला.

"अहो, माशी होती!"

"खूण ती खूण, कोच. आता बदल नाही."

बाकावरची पोरं खिदळली. "उठा आजोबा! लोकांची माशी शिंकते, तुमची चावली!"

चेंडू देताना हार्लन पुटपुटला, "डेल, चूक झाली रे."

"होऊ दे," डेल्मर म्हणाला.

तीनदा चेंडू हुकला की बॅटर बाद; हा तिन्ही चेंडूंना हवेतच बॅट फिरवून बाद झाला.

करार संपायचा तो संपलाच. निरोपाला हार्लननं स्वतःचा डावा दंड थोपटला. या वेळी तिथं माशी नव्हती.