कादंबरीचं शेवटचं पान

सोनचाफ्याचा वास आला की निर्मळ गावातल्या एका शाळेतला चौथीचा वर्ग आठवतो. नव्वदच्या दशकात मी तिथे बातमीसाठी गेलो होतो. वर्गाच्या बाई रोज एका कादंबरीचं एक पान वाचून दाखवत आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ मुलांनाच घरच्या अनुभवातून सांगायला लावत. त्या दिवशीच्या पानावर विहीर ‘आटली’ होती. “आटणं म्हणजे काय रे?” बाईंनी विचारलं. “बासुंदी!” एक मुलगा म्हणाला आणि वर्ग हसला. बाईंच्या टेबलावर ठेवलेला चाफा जिने आणला होता, ती मुलगी उभी राहिली. “आमची बाव आटली, बाई. शेजारच्या वाडीतल्या बावीतून दिवसभर टँकर भरतात. पप्पा बोलतात, पानी नाय आलं तर वाडी विकायची.” मग तिने विचारलं, “गोष्टीतल्या विहिरीला परत पानी येतं?” बाई पुढचं कधीच आधी सांगत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, “येतं गं. बस खाली.” मधल्या सुट्टीत मी शेवटचं पान उघडून पाहिलं. विहीर बुजवून तिच्यावर घर बांधलं होतं. बाईंनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. “बातमीत शेवट छापू नका, हां. हिच्या घरी पेपर येतो.” मी छापला नाही. ती मुलगी आता चाळिशीला आली असेल. शेवट आज पहिल्यांदाच लिहितो आहे.