परवा हात दाखवायला ये

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरची तक्रार अगदी साधी होती. टोचून घ्यायला पोरं रांग लावतात आणि टोचलेला हात परत दाखवायला एक वेळेवर येईल तर शपथ. बरं, नियम काही तिने केलेले नव्हते. वसतिगृहात राहायचं तर क्षयाची चाचणी हवी. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचायचं आणि दोन दिवसांनी तिथे गाठ आली का ते पट्टीने मोजायचं. मोजलं की नोंद, आणि नोंद झाली की विद्यार्थ्याची हॉस्पिटलच्या खर्चाची योजना चालू. जास्त दिवस गेले की सगळं मुसळ केरात, पुन्हा टोचा.

“एवढी शिकलेली पोरं, आणि परवा म्हणजे कधी ते यांना कळत नाही,” असं ती रोज संध्याकाळी नवऱ्याला ऐकवायची. निवृत्त झाल्यापासून चहा तोच करायचा आणि कप पुढे सरकवत नुसतं “हं” म्हणायचा. एका दिवट्याने हाताचा फोटो पाठवला होता, तोही न टोचलेल्या हाताचा. एकीने तर स्वतःऐवजी मैत्रिणीला धाडलं, म्हणे आमचे हात सारखेच आहेत. आता यावर कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं?

त्यात तिचं तोंड फटकळ. टोचलेल्या जागी कापूस टेकवताना ती प्रत्येकाला ठणकावून सांगायची, “परवा हात दाखवायला ये. फुगला तर बॅग भरायची आणि घरी जायचं.” रांग हसायची. हसलं की पोरांची भीती जाते असा तिचा अनुभव होता, त्यामुळे ते वाक्य वर्षानुवर्षं तसंच चालू होतं.

या वर्षी तिचा जीव काढला तो बाहीवालीने. पहिल्या वर्षाची मुलगी, बाहेर अंग भाजून निघेल असं ऊन, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. एकदा टोचून गेली ती गेलीच. फोन केला तर उद्या येते म्हणाली आणि पुढचे फोन उचललेच नाहीत. शेवटी एका बुधवारी सिस्टरने तिला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं आणि जवळजवळ ओढतच केंद्रात आणलं. पोरीने मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. टोचताना ती खोकली, तेव्हा सिस्टर रुमाल धर म्हणून खेकसली खरी, पण तो खोकला तिच्या कानात राहिला. मनगटही बघवत नव्हतं, नुसती काडी.

शुक्रवार आला, केंद्र बंद व्हायची वेळ झाली, आणि बाहीवालीचा पत्ता नाही. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या खिडकीत योजनेचा कारकून बसायचा. त्याने शांतपणे सांगितलं की आज नोंद झाली नाही तर त्या मुलीचं नाव यंदाच्या योजनेतून गळणार, कॉम्प्युटर पुढे घेतच नाही. म्हणजे त्या खोकल्यात काही निघालं, तर औषधपाण्याला या पोरीच्या मागे कुणी नाही. सिस्टर म्हणाली, मी येईपर्यंत मशीन बंद केलंस तर माझ्याशी गाठ आहे. कारकुनाने घातलेली चप्पल परत काढली आणि बसला.

पट्टी खिशात घालून ती वसतिगृहाकडे निघाली. गुडघा कुरकुरत होता. प्रत्येक पायरीवर ती या कार्टीला काय काय सुनवायचं ते जुळवत होती. पालकांना बोलावते, नाव काढून टाकते, तुझ्यासाठी मी जिने चढायचे का, सगळं तोंडपाठ झालं होतं. दार उघडलं आणि आधी दिसली ती खाटेवरची बॅग. अर्धी भरलेली.

“बाही वर कर,” सिस्टर म्हणाली.

मुलीने बाही वर केली. गाठ लांबूनही दिसत होती, लालभडक, टणक.

“मागच्या वेळीपण फुगला होता,” मुलगी म्हणाली. “तेव्हाच भरली होती बॅग. पण घरी जाऊन काय सांगायचं तेच सुचेना. तुम्हीच म्हणाला होतात ना, फुगला तर घरी जायचं.”

सिस्टरची सगळी जुळवाजुळव तिथेच गळून पडली. असा स्वतःचा राग तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता. तिने पट्टी लावली, मोजलं, आणि मुलीच्या शेजारी बसून, कधी नव्हे ते हळू आवाजात, सगळं नीट सांगितलं. गाठ आली म्हणजे आजार झालाच असं नाही. छातीचा फोटो काढायचा. काही निघालंच तर गोळ्या असतात, त्यांनी बरं वाटतं. घरी कुणी पाठवत नाही, अगं, ती माझी मेलीची थट्टा होती.

नोंद झाली. फोटोत डाग निघाला आणि योजनेतून औषधं सुरू झाली. काही दिवस मुलीला केंद्रातच वेगळी खोली दिली, सोबतीला आई आली. वेळेत सापडलं, बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी चहा पुढे सरकवत नवऱ्याने सिस्टरला आज कोण आलं नाही म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत हात दाखवायला न आलेली सगळी पोरं तिला आठवत होती. सगळ्यांना तिने आळशी ठरवलं होतं.

सोमवारी पुन्हा रांग लागली. पहिल्याच मुलाच्या हातावर कापूस टेकवताना तिने ठरवल्याप्रमाणे सांगितलं, “परवा हात दाखवायला ये. फुगला तर घाबरू नकोस, सरळ माझ्याकडे ये.”

मुलगा मान हलवून निघाला. रांगेत मागे कुणीतरी वरच्या वर्षाचा आपल्या नव्या मित्राला सोडायला आला होता. तो हसत म्हणाला, “सिस्टर, पुढचं विसरलात. फुगला तर बॅग भरायची आणि घरी जायचं.”

सगळी रांग हसली. एकटा त्याचा नवा मित्र हसला नाही. तो टोचून घ्यायला वर केलेली बाही खाली ओढत होता.