तोडलेल्या चिंचेची सावली

झाडाच्या सावलीत बसून मला ऊन लागलं. झाड तोडून तेव्हा एक उन्हाळा उलटून गेला होता.

सावली आमच्या मामेसासऱ्यांची. औशाच्या रस्त्याला त्यांचं किराणा दुकान. झाडांच्या बाबतीत इतका हट्टी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसावा. सकाळी लिंगपूजा आटोपून कपाळाला विभूती लावली, की हे निघाले गावातल्या झाडांची खुशाली विचारायला. आजाऱ्याकडं लोक फळं नेतात, मामा सुकत चाललेल्या कडुलिंबाकडं कळशी न्यायचे. सोयरीक जुळवतानाही पहिला सवाल, "दारात झाड कंचं हाय?" मला पसंत केलं ते आमच्या दारातल्या लिंबाचा बुंधा थोपटून, माझ्याकडं मग ओघानं बघितलं.

लातूर जिल्हा झाला, जिल्ह्याला शोभेलसा रुंद रस्ता हवा झाला आणि दुकानासमोरची चिंच गेली. पाठोपाठ पाऊसही गेला. "जोडीनं आलते, जोडीनं गेले," एवढंच मामा म्हणाले. टँकर सुरू झाले, आणि ऐन दुष्काळात मामा दुकान मुलावर सोडून चिंचेच्या खोडापाशी बाज टाकून बसू लागले. ऊन सरकेल तशी बाज सरकायची, पण चिंचेची सावली जिकडं पडायची, त्याच्या बरोबर उलट अंगाला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि यांची छत्री उघडलेली, तीही डोक्यावर नाही, बाजेच्या कडेला तिरकी. चिंचेच्या दुःखानं म्हाताऱ्याच्या दिशा फिरल्या, असं गाव म्हणायचं. मलाही तसंच वाटलं. एरवी माझं आणि गावाचं एकमत होत नाही.

तर त्या दुपारी मी ठरवलं, वडीलधाऱ्या माणसाचा भ्रम मोडू नये, फक्त दिशा सुधारावी. ऊन कललं होतं. मामा खोडाच्या मावळतीकडं, म्हणून मी पोतं टाकून उगवतीकडं बसलो, सावली पडली असती तिथं, आणि "काय गार वाटतंय, मामा," असंही म्हणालो. मामांनी छत्री जरा आणखी कलती केली. तासाभरानं डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी पुढं कोसळलो तो खोडाभोवती रचलेल्या बाभळीच्या काट्यांवर.

मामा धावले. आधी काट्यांत वाकले, मग मला उचललं. तेव्हा दिसलं. खोडाच्या सालीतून वीतभर कोंब फुटला होता, पोपटी, बाळाच्या जावळासारखा. मामा बसायचे त्या बाजूनं त्यांची आणि छत्रीची सावली नेमकी त्याच्यावर पडत होती. माझ्या तोंडावर पाणी मारतानाही त्यांनी मला असं धरलं, की ओघळ कोंबापाशी जावेत.

"मामा, ह्याच्या सावलीत कधी बसणार तुम्ही?"

"म्या कशाचा बसतो," ते हळूच म्हणाले. विस्कटलेले काटे पुन्हा नीट रचले. "आता त्येला माझी लागती, तवर म्या हाय. फुडं कोन बसतंय बघू."

मी घाईनं म्हणालो, मी बसेन.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, लिंबाला न्याहाळलं होतं तसं.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू. इतका येळ बसलाव, पर तुमची सावली कुनाच्याच कामाला आली न्हाई."